‘मागचे पॅड बदला, निम्म्या अंतरात थांबा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात माझ्या पुतणीने मला एक संदेश पुढे धाडला आणि खाली एवढेच लिहिले, “आत्या, मी हे केलंय. बरोबर आहे ना?” तिने ‘करू का’ असे विचारले असते, तर मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण तिने आधी केले आणि मग विचारले. आपल्या रोड सायकलच्या मागच्या ब्रेकला तिने चांगल्यापैकी महागडे पॅड (चाकाच्या रिमला, म्हणजे कडेला, घासून ते थांबवणारे रबरी ठोकळे) बसवले होते, पुढच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड रिमवर आवळणाऱ्या चिमट्यावर, चाक काढताना ब्रेक सैल करण्यासाठी जी लहानशी कळ असते ती कायमची उघडी ठेवली होती, आणि ब्रेकचा आवाज बंद व्हावा म्हणून रिमवर तेलाचा हात फिरवण्याच्या बेतात होती. तेलाची बाटली उघडण्यापूर्वी तिला आत्याची आठवण झाली, हे तिचे नशीब.

हा संदेश कित्येक महिने फिरतो आहे आणि यापूर्वी दोनदा मी तो न वाचता पुसून टाकला होता. कोणा ‘अनुभवी सायकलपटू’च्या नावावर, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेल्या या संदेशात ब्रेक पॅडची सात ‘गुपिते’ सांगितली आहेत. चांगले पॅड बसवले की थांबण्याचे अंतर निम्म्यावर येते, हे पहिले. पुढचा ब्रेक लावल्यास सायकल उलटते, म्हणून चांगले पॅड मागे बसवावेत आणि पुढचा ब्रेक सैलच ठेवावा, हे दुसरे. ब्रेक किंचाळत असेल तर रिमवर तेलाचा हलका थर द्यावा, हे तिसरे. पॅड जितका मऊ आणि जितका लाल तितका उत्तम. कार्बन रिमसाठी, म्हणजे कार्बनच्या तंतूंपासून घडवलेल्या रिमसाठी, बनवलेले पॅड सर्वांत वरच्या दर्जाचे असल्यामुळे ते कोणत्याही रिमला चालतात. पॅड कोणत्याही बाजूने बसवला तरी फरक पडत नाही. आणि पॅडवरची झिजेची खूण ही कंपन्यांची विक्रीची युक्ती असून धातू दिसू लागेपर्यंत पॅड वापरावा, ही उरलेली चार. यातील काही विधाने निरुपद्रवी आहेत, काही अर्धवट खरी आहेत आणि निदान दोन अशी आहेत की ती मनावर घेणारा माणूस रुग्णालयात पोहोचू शकतो.

पहिल्या मुद्द्यात तथ्य मुळीच नाही असे मला म्हणता येत नाही, म्हणून ते आधीच मान्य करून टाकते. कमी किमतीच्या सायकलींबरोबर येणारे ब्रेकचे रबर बहुधा कडक असते, आणि चांगल्या प्रतीचे रबरही वयाने, उन्हाने आणि रिमच्या उष्णतेने कडक होत जाऊन त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी धरते. असे पॅड बदलले की तोच परिणाम साधायला बोटांना कमी जोर लागतो, ब्रेक किती लागतो आहे याचा अंदाज हाताला नीट येऊ लागतो आणि पावसात तर फरक चांगलाच जाणवतो. ज्याच्या हातांत जोर कमी आहे, किंवा जो हँडलच्या खालच्या वळणावर हात न नेता वरून हूडवरूनच (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवरूनच) ब्रेकचा लिव्हर दाबतो, त्याचे थांबण्याचे अंतरही यामुळे घटू शकते. मात्र ‘निम्मे’ हा शब्द कोठून आला, हे विचारले पाहिजे.

कोरड्या रस्त्यावर रोड सायकल किती लवकर थांबू शकते याची मर्यादा बहुतेक वेळा पॅड ठरवत नाही. ती स्वाराच्या आणि सायकलच्या वजनाची मांडणी ठरवते. स्वारासह सायकलचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १.१ मीटर उंचीवर आणि पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या सुमारे ०.६ मीटर मागे असतो, असे धरले, तर या दोन आकड्यांचा भागाकार हीच ती मर्यादा होय. वेग घटण्याचा दर गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.५५ पट झाला की मागचे चाक जमिनीवरून सुटू लागते. हा हिशेब माझा नाही. फ्रँक व्हिट आणि डेव्हिड गॉर्डन विल्सन यांचा, एमआयटी प्रेसने १९७४ मध्ये प्रथम काढलेला ‘बायसिकलिंग सायन्स’ हा ग्रंथ सायकलच्या यंत्रशास्त्राबाबत आजही आधारभूत मानला जातो, आणि त्यातील ब्रेकवरचे विवेचन याच आकड्याशी येऊन थांबते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल या दराच्या जवळपास राहून थांबवली तर तिला सुमारे ७ मीटर लागतात. दोन खिळींवर फिरणारा साधा, नीट जुळवलेला कॅलिपर आणि बऱ्या अवस्थेतले पॅड एवढ्यावर कोरड्या रस्त्यावर ही मर्यादा गाठता येते. आता त्या ७ मीटरचे साडेतीन करायचे, तर वेग घटण्याचा दर दुप्पट हवा, आणि तो होण्याच्या कितीतरी आधी स्वार हँडलवरून पुढे गेलेला असेल. जगातील कोणताही पॅड ही भूमिती बदलू शकत नाही.

ज्याच्यासाठी मी हे सारे लिहायला बसले तो दुसरा मुद्दा याला लागूनच येतो. पुढचा ब्रेक घातक आहे, ही समजूत सायकल शिकण्याच्या वयापासून आपल्या डोक्यात बसलेली असते. लहानपणी कोणीतरी कोणालातरी उताणे पडलेले पाहिलेले असते आणि पुढे जन्मभर तो ब्रेक केवळ शोभेपुरता उरतो. संदेशाने या भीतीला तांत्रिक सल्ल्याचा पोशाख चढवला आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहू. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकाकडे सरकते, मग ब्रेक पुढचा असो की मागचा. मागच्या चाकावरचा भार जसा कमी होतो तशी त्याची रस्त्यावरची पकड सुटते, म्हणजे मागचा ब्रेक जितका चांगला लागेल तितका तो स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घेतो. वरचेच आकडे घेऊन, दोन चाकांतील अंतर १ मीटर आणि कोरड्या डांबरावर टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.८ धरून गणित केले, तर केवळ मागच्या ब्रेकने वेग घटण्याचा दर गुरुत्वीय त्वरणाच्या जेमतेम पाव पट होतो. त्यापुढे चाक फरफटते. व्हिट आणि विल्सन यांचा आकडाही हाच आहे. म्हणजे ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला ७ ऐवजी १४ मीटर लागतात, आणि धोका लक्षात येऊन बोटे लिव्हरवर पडेपर्यंत जो सेकंदभर जातो त्यातील ८ मीटर यात अजून धरलेलेच नाहीत.

संदेशातील ‘निम्मे अंतर’ सापडते ते येथे. ते पॅडमुळे येत नाही, पुढच्या ब्रेकमुळे येते, आणि ज्याने पुढचा ब्रेक सैल करून मागे उत्तम पॅड बसवले त्याने निम्मे करायच्या अंतराचे दुप्पट करून ठेवले. मागचे चाक साध्या पॅडनेही फरफटू शकते. मग चांगला पॅड बसवून ते अधिक सहज फरफटेल, एवढाच काय तो लाभ.

उतारावर हे गणित आणखी बिघडते, आणि ब्रेकची खरी गरज तर तेथेच असते. १०० मीटरमागे १० मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण सायकलला सतत पुढे ओढत असते आणि ब्रेकच्या जोराचा तेवढा वाटा केवळ ही ओढ फेडण्यात जातो. पुढच्या ब्रेकने मिळणाऱ्या ०.५५ मधून ०.१ वजा होऊन ०.४५ उरतात, मागच्या ब्रेकच्या ०.२५ मधून तेच ०.१ वजा झाले की उरतात ०.१५. सपाट रस्त्यावर दुप्पट असलेले अंतर उतारावर तिप्पट होते. ‘उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नका’ असा सल्ला आजवर ज्यांनी ज्यांनी मला दिला, त्यांना हे वजाबाकीचे गणित मी आवर्जून घालते.

मग माणसे उलटतात ती कशी? उलटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेकदा सायकल स्वाराला फेकून देत नाही. सायकल थांबते आणि स्वार थांबत नाही. कोपरे सैल, नितंब आसनावर मोकळे, आणि घाबरून लिव्हर एकदम मुठीत आवळलेला, अशा अवस्थेत शरीर पुढे घसरते, हँडलवर आदळते आणि त्यामुळे गुरुत्वमध्यही पुढे जाऊन उलटण्याची मर्यादा आणखी खाली येते. त्यावरचा उपाय ब्रेक सैल करणे हा नसून हात ताठ टेकून शरीराचा जोर त्यांवर पेलणे, पार्श्वभाग आसनाच्या मागच्या कडेकडे नेणे आणि लिव्हर क्षणाक्षणाने वाढत्या जोराने दाबणे हा आहे. मागचा ब्रेक बरोबरीने हलकाच लावून ठेवावा. मागचे चाक फरफटू लागले की त्यावरचा भार संपत आला आहे, हे समजून पुढचा लिव्हर किंचित ढिला करावा. मागच्या ब्रेकचा हा इशाऱ्यासारखा उपयोग मला त्याच्या थांबवण्याच्या शक्तीपेक्षा मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. वळणावर सायकल कललेली असताना, खडीवर, ओल्या पानांवर, रस्त्यावरच्या रंगाच्या ओल्या पट्ट्यांवर किंवा लोखंडी झाकणांवर पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही, आणि तेथे पुढच्या ब्रेकबाबत हात आखडता घेणे शहाणपणाचे असते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा, हा त्याचा अर्थ. पुढच्या कॅलिपरची कळ उघडून ठेवावी, हा नव्हे. आणखी एक, उजवा लिव्हर पुढचा की डावा, हे सर्व देशांत सारखे नसते आणि सर्व सायकलींवरही सारखे नसते. उसनी सायकल घेतल्यावर पहिल्या दहा पावलांत हे तपासून घ्यावे.

पुतणीला गणित पटले नाही. तिच्या वयात मलाही पटले नसते. म्हणून आम्ही एका मोकळ्या मैदानाच्या कडेच्या डांबरी पट्टीवर गेलो, खडूने रेघ मारली आणि ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग धरून तिला रेघेपाशी ब्रेक लावायला सांगितले. आधी केवळ मागचा, नव्या पॅडचा. मग कळ बंद करून, पुढे तेच जुने कडक झालेले पॅड ठेवून, दोन्ही ब्रेक. पहिल्या प्रकारात ती रेघेपासून माझ्या अकरा पावलांवर थांबली, काळा पट्टा उमटवत. दुसऱ्या प्रकारात सहा पावलांवर, आणि तेही पुढचा लिव्हर भीतभीत दाबून. अंतर पावलांनी मोजणाऱ्या प्रयोगाला कोणी शास्त्रीय म्हणणार नाही. पण जुन्या पॅडचा पुढचा ब्रेक नव्या पॅडच्या मागच्या ब्रेकवर मात करतो, हे पाहायला सूक्ष्ममापकाची गरजही नव्हती. ती त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही.

आता तेल. रिम ब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो. पॅड आणि रिम यांच्यातील घर्षण हीच ज्या यंत्रणेची एकमेव पुंजी, तिच्यात तेल ओतण्याचा सल्ला कोणाला सुचला असेल, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. तेल लावल्यावर आवाज थांबतो हे खरेच आहे. सायकल तेवढी थांबत नाही. शिवाय हा दोष पुसून जाणारा नाही, कारण रबर ते तेल शोषून घेते आणि रिम पुसली तरी पॅड ते पुन्हा तिच्यावर चोपडत राहतो. कोणी हा उद्योग केलाच असेल, तर रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा, प्रत्येक वेळी कोरे फडके घेऊन पुसावी, आणि तेल प्यालेले पॅड वाचवण्याच्या फंदात न पडता फेकून द्यावेत.

आवाज का येतो, हे कळले तर तेलाकडे हात जाणार नाही. पॅड रिमला चिकटतो, ओढला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की कॅलिपरची बाहू सारंगीच्या तारेसारखी थरथरू लागते. पॅडची मागची कड आधी टेकत असेल, पृष्ठभाग चकाकलेला असेल, रिमवर मळ बसला असेल किंवा कॅलिपरची खीळ ढिली असेल तर हे अधिक होते. उपाय साधा आहे. रिम स्वच्छ करावी, पॅडचा पृष्ठभाग सँडपेपरने हलका खरवडून खालचे ताजे रबर उघडे करावे, त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीने उपसून काढावेत आणि मग पॅड किंचित तिरपा बसवावा, म्हणजे चाकाच्या फिरण्याच्या दिशेने त्याची पुढची कड आधी टेकली पाहिजे आणि त्या वेळी मागच्या कडेला अर्धा ते एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. यासाठी पॅडच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवून, लिव्हर दाबून धरून बोल्ट आवळला की काम होते. पुतणीच्या ब्रेकचा आवाज यानेच गेला.

हे सारे रिम ब्रेकबद्दल झाले, परंतु संदेशाच्या शेवटी ‘डिस्क ब्रेकलाही हेच लागू’ अशी एक ओळ चिकटवलेली आहे, म्हणून सांगते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड रिमऐवजी चाकाच्या मध्याशी बसवलेल्या धातूच्या चकतीला पकडतात, आणि त्या चकतीवर तेल म्हणजे याहून वाईट, कारण तेथे बोटाचा तेलकट ठसा किंवा साखळीवर मारलेल्या फवाऱ्याचा उडालेला तुषारसुद्धा पॅड निकामी करायला पुरतो. डिस्कच्या पॅडमध्ये रेझिनचे (राळेसारख्या पदार्थाने बांधलेले) आणि धातूचे अशा दोन मुख्य जाती असतात. धातूचे पावसात आणि लांब उतारांवर अधिक टिकतात, रेझिनचे शांत असतात आणि थंड असतानाही लगेच पकडतात. परंतु काही चकत्यांवर केवळ रेझिन पॅड वापरावेत असे स्पष्ट कोरलेले असते आणि ते वाचल्याशिवाय ‘अपग्रेड’ करू नये. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून चाक न फरफटवता चालण्याच्या वेगापर्यंत दहा-वीस वेळा ब्रेक लावून ते चकतीवर बसवून घ्यावे लागतात. हे न करता पहिल्याच दिवशी ‘नवे पॅड टाकाऊ निघाले’ म्हणणारे मला बरेच भेटले आहेत.

मऊपणा आणि लाल रंग यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पॅडचा रंग हा त्या त्या कंपनीचा निर्णय असतो. स्विसस्टॉप या कंपनीचा पिवळा पॅड कार्बन रिमसाठी आहे, म्हणून दुसऱ्या कोणाचा पिवळा पॅडही तसाच असेल असे नव्हे. ही समजूत कोठून निघाली असावी याचा अंदाज मात्र करता येतो. कूल-स्टॉप या कंपनीचे सामन माशाच्या मांसासारख्या गुलाबी-केशरी रंगाचे पॅड ओल्या रिमवर चांगले पकडतात अशी त्यांची फार जुनी आणि माझ्या अनुभवाने सार्थ ख्याती आहे. पण ती करामत मिश्रणाची. लाल रंग दिलेला कोणताही रबराचा तुकडा ती करून दाखवत नाही. मऊपणाचेही तेच. मऊ रबर लवकर झिजते आणि रस्त्यावरची रेव सहज रुतवून घेते, आणि रुतलेली रेव म्हणजे रिमसाठी फिरती कानस.

ओल्या रिमचा विषय निघालाच आहे तर पॅड बदलण्याचे खरे कारण येथे आहे, हे नोंदवायला हवे. वर उल्लेखिलेल्या ग्रंथात एमआयटीमधील ज्या प्रयोगांचा आधार घेतला आहे त्यांत त्या काळचे नेहमीचे पॅड आणि पोलादी रिम यांच्यातील घर्षण ओले झाल्यावर कोरड्या अवस्थेच्या दहाव्या भागाहूनही खाली गेले, आणि ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरूनही ते पुन्हा वाढू लागेपर्यंत चाकाचे सरासरी सुमारे ३० फेरे झाले. आजच्या रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या, म्हणजे ७०० सी, चाकाचा घेर टायरसह साधारण २.१ मीटर असतो; ३० फेरे म्हणजे ६३ मीटर, ज्यांत ब्रेक आहे की नाही हे कळतही नाही. ॲल्युमिनियमची रिम पोलादी रिमइतकी वाईट वागत नाही आणि आजची मिश्रणेही पुष्कळ सुधारली आहेत. तरीही ओल्या रिमवर पहिले काही फेरे पाणी पुसण्यात जातातच, म्हणून पावसात थांबायच्या आधीच पॅड हलकेच रिमला टेकवून ती पुसून घेण्याची सवय ठेवावी. संदेशात पावसाचा उल्लेख एकदाही नाही. पॅडविषयी सात गोष्टी सांगणाऱ्याला नेमकी हीच सुचू नये!

कार्बन रिमच्या पॅडचा मुद्दा उलट्या दिशेने अधिक घातक आहे. ते पॅड कार्बनच्या पृष्ठभागासाठी आणि त्याच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. ॲल्युमिनियमवर ते बहुधा साध्या पॅडइतकेही पकडत नाहीत, एवढ्यावर निभावते. परंतु ॲल्युमिनियमवर वापरलेला पॅड नंतर कार्बन रिमला लावला तर त्यात रुतलेले धातूचे कण तिच्यावर चरे पाडतात, आणि साधा रबरी पॅड कार्बनवर लांब उतारात वापरला तर साचणाऱ्या उष्णतेने तंतूंना बांधून ठेवणारे रेझिनच मऊ पडून रिमची भिंत बिघडू शकते. रिम बनवणाऱ्याने जो पॅड सांगितला आहे तोच वापरावा. दोन चाकसंच असतील तर दोन्हींचे पॅडही वेगळे ठेवावेत.

पॅड कोणत्याही बाजूने बसवता येतो, हे तर त्या पॅडकडे एकदाही नीट न पाहिलेल्या माणसाचे वाक्य आहे. रोड सायकलच्या चांगल्या पॅडमध्ये धातूच्या खोबणीत सरकवून बसवायची रबराची पट्टी असते आणि त्या खोबणीचे एक टोक उघडे, एक बंद असते. रिम रबराला पुढे ओढते, म्हणून बंद टोक पुढे असले पाहिजे. उलटे बसवले आणि पट्टी धरून ठेवणारा बारीक स्क्रू ढिला असला, तर जोराने ब्रेक लावताच पट्टी खोबणीतून निसटून रस्त्यावर पडते. पट्टीवर डावे-उजवे आणि बाणाची खूण असते ती याचसाठी. उंचीही पाहावी लागते. पॅड वर गेला तर टायरची बाजू कापतो, खाली गेला तर रिमखाली त्याची न झिजलेली कड उरते आणि पुढे ती अडकू लागते.

शेवटी झिजेच्या खुणेबद्दल. ती किंचित आधीच येते, म्हणजे तिच्यापाशी पोहोचलेला पॅड त्याच दिवशी निकामी होत नाही, इतपत सवलत मी संदेशाला देते. आणि खूण दिसत असतानाही पॅड वयाने कडक होऊन निरुपयोगी झालेला असू शकतो, ही उलट बाजूही सांगते. पण ‘धातू दिसेपर्यंत’ हा सल्ला ज्याने दिला त्याने धातूने रिम कापली जाताना ऐकलेली नसावी. मी ऐकली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका पावसाळी फेरीत येणारी खरखर मी आवाजापुरतीच त्रासदायक मानली आणि घरी आल्यावर रिमवर नखाला लागेल इतका खोल चर दिसला. रिमची बाजू हा ब्रेकचा पृष्ठभाग असतो आणि टायरचा दाब धरून ठेवणारी भिंतही तीच असते. ती पातळ होत गेली की एक दिवस हवेच्या दाबानेच फाकते, आणि तो दिवस बहुधा जोराने ब्रेक लावल्याचा असतो. म्हणून अनेक रिमांवर बारीक खड्डा किंवा खाच कोरलेली असते. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. खाच नसेल तर मोजपट्टीची सरळ कड रिमला लावून पाहावी, मधे फटीतून उजेड दिसू लागला की रिम खोलगट झाली आहे.

मैदानावरून परतल्यावर मी पुतणीची दोन्ही चाके याच नजरेने पाहिली. नेण्यापूर्वी पाहायला हवी होती, हा दोष माझा. पुढच्या रिमवरची खाच जवळपास नवी असल्यासारखी खोल होती, कारण तो ब्रेक तिने कधी लावलाच नव्हता. मागच्या रिमवर खाच उरलीच नव्हती. बोट फिरवले तर बाजू स्पष्ट खोलगट लागत होती, आणि तिच्यावर ते नवे पॅड दिमाखात बसले होते. ते काढून आम्ही पुढच्या कॅलिपरला बसवले, बंद टोक पुढे ठेवून. मागची रिम बदलून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी आहे.